दाढी किती दिवसांनी करता, ते आधी बघा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळी जवळ आली की राजारामपुरी आणि महाद्वार रोडच्या दुकानांत इलेक्ट्रिक शेव्हर दर्शनी काचेत येतात. नोकरीला लागलेला मुलगा हौसेने वडिलांसाठी एक घेऊन जातो. महिनाभरात ते मशीन कपाटात पडते आणि वडील पुन्हा ब्रश-साबणाकडे वळतात. बहुतेक वेळा मशीन चांगलेच असते. निवड तरी चुकलेली असते, नाहीतर हात तरी चुकत असतो. म्हणून घेण्याआधी काय बघावे, ते आपल्या वाचकांपुढे मांडत आहे.

किंमत, बॅटरी, पात्यांची संख्या हे सगळे नंतर. आधी स्वतःला विचारा, आपण दाढी किती दिवसांनी करतो? दाढीचा केस दिवसाला साधारण 0.3 ते 0.4 मिलिमीटर वाढतो. फॉइल शेव्हरच्या तोंडावरची चकचकीत जाळी उजेडापुढे धरून बघा. कागदाहून पातळ पत्रा आणि त्याला बारीक बारीक भोके. खुंट त्या भोकातून उभा आत शिरला, तरच आत मागेपुढे पळणारे पाते त्याला कापू शकते. एका दिवसाचा खुंट आखूड आणि ताठ असतो, तो सहज शिरतो. चौथ्या दिवशी तोच केस सव्वा-दीड मिलिमीटरचा होऊन आडवा पडतो. मग तो भोकाबाहेर राहतो किंवा अर्धवट अडकून ओढला जातो. माणूस वैतागून मशीन दाबतो, जाळी तापते, गळा लाल होतो आणि "मशीनने दाढी होत नाही" असा शिक्का बसतो.

आपल्या भागात शेतावर, गुऱ्हाळावर, एमआयडीसीत काम करणारे अनेकजण आठवड्यातून एकदा-दोनदाच दाढी करतात. त्यांनी शेव्हरवर पैसे घालू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांच्यासाठी पाणी, साबण आणि ब्लेडच बरे. रोज सकाळी ऑफिस किंवा शाळा गाठायची असेल, तर इलेक्ट्रिक शेव्हर खरोखर उपयोगी पडतो.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. ट्रिमर म्हणजे शेव्हर नव्हे. ट्रिमरचे कंगव्यासारखे दाते केस कापतात, पण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास खुंट मागे ठेवतात. गुळगुळीत गाल हवा म्हणून ट्रिमर आणला तर निराशाच होणार. मात्र तीन-चार दिवसांची दाढी आधी ट्रिमरने उतरवून मग शेव्हर फिरवला, तर काम होते.

शेव्हर घेतलाच, तर ब्लेडचा हात विसरावा लागतो. रेझरचे पाते गालाशी साधारण 30 अंशांवर धरतात. शेव्हर काटकोनात, सपाट टेकवायचा. रेझर आधी केसाच्या दिशेने चालवतात, शेव्हर उलट दिशेने, कारण केस उभा राहिल्याशिवाय जाळीत शिरत नाही. फॉइलचे मशीन सरळ रेषेत न्यायचे, तीन गोल डोक्यांचे रोटरी मशीन लहान लहान वर्तुळांत फिरवायचे. मोकळ्या हाताने कातडी ताणायची. जोर अजिबात लावायचा नाही. कोरडी दाढी करायची असेल तर अंघोळीआधी करावी. पाण्याने कातडी फुगते, केस मऊ होऊन वाकतो आणि जाळीला चुकवतो. पावसाळ्यात कोल्हापूरच्या दमट हवेत चेहरा चिकट असतो, तेव्हा मशीन अडखळते. रुमालाने टिपून थोडी टाल्कम पावडर लावली की सरकते. त्वचेला सवय व्हायला तीन-चार आठवडे लागतात. त्या काळात एक दिवस मशीन, एक दिवस ब्लेड असे केले तर त्वचा कधीच स्थिरावत नाही.

निगाही सांगतो. धुता येणारे मशीन असेल तर हातधुण्याच्या साबणाचा एक थेंब टाकून, चालू ठेवून कोमट पाण्याखाली धरा, वाळू द्या आणि जाळीवर हलक्या मशीन तेलाचा एक थेंब सोडा. साबण तेलकटपणा काढतो, मग पाते कोरडे घासते आणि तापते. जाळीला पोचा किंवा चीर दिसली तर त्या दिवशीच थांबा, चिरलेला पत्रा कातडी कापतो. जाळी आणि पाती साधारण दीड-दोन वर्षांनी बदलावी लागतात. त्या मॉडेलचे सुटे भाग कोल्हापुरात मिळतात का, हे बिल करण्याआधी विचारा. सुटे भाग मिळाले नाहीत तर हजारो रुपयांचे मशीन वाया जाते.

आता ब्लेडची दाढी. हिचे यश साबणाच्या ब्रँडपेक्षा पाण्यात आहे. कोरडा केस चिवट असतो. दोन-तीन मिनिटे कोमट पाण्यात भिजला की कापायला कितीतरी सोपा होतो. कढत पाणी नको, ते त्वचेचे तेल काढून टाकते. अंघोळीनंतर लगेच दाढी करणे उत्तम. ब्रश भिजवून झटकावा, बदामाएवढे क्रीम घ्यावे आणि चेहऱ्यावरच गोल गोल फिरवत मिनिट-दोन मिनिटे फेस आणावा. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस बसतो, पांढरी साय उरते आणि ब्लेड खरखरते. असा अनुभव असेल तर दाढीपुरते तांब्याभर नळाचे पाणी ठेवा.

सेफ्टी रेझरमध्ये ब्लेड बसवताना आखूड कडांना धरावे, टोपी आणि खालच्या पट्टीत ते मधोमध आले की दांडी आवळावी. नंतर डोळ्यासमोर धरून बघा, दोन्ही बाजूंना पात्याची कड सारखी बाहेर दिसली पाहिजे. एका बाजूला जास्त दिसली की त्या बाजूने कापणार हे नक्की. नव्या माणसाला लागलेल्या बऱ्याच जखमांचे कारण हे तिरके बसलेले ब्लेड असते.

पहिला हात सुलटा, केसाच्या दिशेने. गालावर केस खाली जातो, पण गळ्यावर अनेकांचा आडवा किंवा वरच्या दिशेने असतो. कोरड्या बोटाने चाचपून तो आधी ओळखावा. पुन्हा फेस लावून दुसरा हात आडवा. उलटा हात ज्याच्या त्वचेला सोसतो त्यानेच मारावा. गळ्यावर पुटकुळ्या येणाऱ्यांनी तर मुळीच नाही: फार खालून कापलेला कुरळा केस वाढताना कातडीतच शिरतो आणि गाठ येते. तीन-पाच पात्यांच्या कार्ट्रिजमध्ये हा त्रास वाढू शकतो, कारण पुढचे पाते केस ओढते आणि मागचे त्याला कातडीच्या पातळीखाली कापते. शिवाय जवळजवळ असलेल्या पात्यांत लांब खुंट अडकतात आणि वाटीतल्या पाण्यात ते निघत नाहीत. जिलेटने 2010 मध्ये भारतासाठी एका पात्याचा गार्ड रेझर 15 रुपयांना आणि त्याचे कार्ट्रिज 5 रुपयांना आणले, ते आपल्याकडची वाटीभर पाण्यातली दाढी पाहूनच.

ब्लेड टॉवेलने पुसू नये, धारेवरचा लेप जातो. धुवून झटकले की पुरे. चार-सहा दाढ्यांनंतर ते टाकावे. केस ओढल्यासारखा वाटला तर त्याआधीच. हे ब्लेड काही रुपयांचे असते, तिथे काटकसर करून चेहरा सोलून घेऊ नका.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी, हात थरथरणाऱ्या वयस्कांनी आणि जखम लवकर न भरणाऱ्या मधुमेहींनी मात्र इलेक्ट्रिककडेच वळावे. त्यांची दाढी तितकी गुळगुळीत झाली नाही तरी चालेल. आजारी वडिलांची दाढी मुलगा करून देत असेल, तर त्यालाही मशीनच सोपे.

तालमीत किंवा होस्टेलवर राहणाऱ्या मुलांना कळकळीने सांगणे आहे की रेझर, ब्लेड, शेव्हर, तुरटीचा खडा यांतले काहीही एकमेकांत वापरू नका. मातीत किंवा मॅटवर खरचटलेल्या कातडीवर नायटा झटकन पसरतो. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर निदान 7 दिवस टिकू शकतो आणि ब्लेडवरचे रक्त डोळ्यांना दिसतेच असे नाही. सलूनमध्ये वस्तऱ्यात नवे अर्धे ब्लेड आपल्यासमोर मोडून घालायला लावा. तो ग्राहकाचा हक्क आहे आणि चांगला कारागीर त्याचा राग मानत नाही. तुरटी रक्त थांबवते, पण एकच ओला खडा दहा चेहऱ्यांवर फिरत असेल तर नको म्हणा. पूड कापसावर घेऊन लावता येते.

शेवटचा मुद्दा महापालिकेसाठी आणि आपल्या सर्वांसाठी. घंटागाडीवरचे कामगार कचरा हाताने वेगळा करतात. कागदात गुंडाळलेले ब्लेड पिशवीतून बाहेर येते आणि त्यांचा हात चिरते. टाल्कमचा किंवा बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा घ्या, झाकणाला ब्लेड आत जाईल एवढी फट पाडा आणि झाकण चिकटपट्टीने पक्के करा. डबा भरायला एका घराला काही वर्षे लागतात. सलूनचा डबा मात्र लवकर भरतो, म्हणून महापालिकेने महिन्यातून एकदा पेठेपेठेतून हे भरलेले डबे आणि शेव्हरच्या जुन्या बॅटऱ्या वेगळ्या गोळा कराव्यात. बॅटरी तर ओल्या-सुक्या कोणत्याच कचऱ्यात टाकायची नाही, लिथियमची बॅटरी गाडीत दाबली गेली की पेट घेऊ शकते.

आपला,
एक सलून व्यावसायिक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर