आई-बाबा, मी अहमदाबादला जातेय

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

रविवारी फोनवर मी नुसतं "अहमदाबादचं ठरलंय" म्हणाले आणि तिकडे तुम्ही दोघंही गप्प झालात. मग आई म्हणाली, "बरं. जेवलीस का?" आणि बाबांनी फोन हातात घेतलाच नाही. तो "बरं" मला गेले तीन दिवस सुखाने झोपू देत नाहीये. म्हणून लिहितेय. बोलताना माझा आवाज चढतो आणि मग मला म्हणायचं असतं ते राहून जातं.

अहमदाबादच्या नोकरीच्या कागदांवर सही करून झाली आहे, उपग्रहाच्या चित्रांवरून दरडी ओळखायचं काम आहे. १ तारखेला रुजू व्हायचंय. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, मान्य आहे. पण विचारलं असतं तर तुम्ही दोघांनी "जा, आमची काळजी करू नकोस" असंच म्हटलं असतं, आणि ते ऐकून मी गेले नसते. पुण्यातल्या नोकरीत पगार जास्त होता आणि शुक्रवारी रात्री निघालं की शनिवारी सकाळी तुमच्यासोबत चहा व्हायचा, हे मला कळत नाही असं समजू नका. सगळं मांडून, खोडून, पुन्हा मांडून मग ठरवलंय.

बाबा, गणपतीत तुम्ही जे बोललात ते मी विसरलेले नाही. "चंद्रावर जायला पैसे आहेत, आपल्या एसटी स्टँडवर बाईमाणसाला धड संडास नाही." तेव्हा मी काहीतरी फटकन उलटून बोलले. नंतर आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेताना पाहिलं, तिने घरून निघाल्यापासून पनवेलपर्यंत पाण्याचा घोट घेतला नव्हता. मुद्दाम. वाटेत जायची पंचाईत नको म्हणून. पाच तास. त्या दिवशी तुमचं बोलणं मला खऱ्या अर्थाने कळलं. मी चुकले होते.

तरी मी निघालेय, आणि ते का हे तुम्हाला सांगायचंच आहे.

आधी पैशांचं बोलू, कारण तुम्ही हिशेबाचे पक्के. २०२४-२५ च्या केंद्राच्या अर्थसंकल्पात अवकाश विभागाला सुमारे १३ हजार कोटी होते. आकडा डोळ्यांत भरतो. पण एकूण खर्च ४८ लाख कोटींच्या वर होता. म्हणजे शंभर रुपयांतले सत्तावीस पैसे. चांद्रयान-३ ला सव्वासहाशे कोटींच्या आत खर्च आला. हे पैसे वाचवले असते तर आपल्या स्टँडवर संडास झाला असता का, बाबा? तुम्ही स्वतः आगाराला तीन अर्ज दिलेत. तिथे पैशांपेक्षा दुसरंच काही अडलंय, हे तुम्हीच मला सांगितलंत. चौथा अर्ज मी टाईप करून पाठवते, तुम्ही फक्त सही करा. तो लढा सोडायचा नाही.

आता माझं काम. ते तुम्हाला समजावणं सगळ्यात सोपं आहे, कारण तुम्ही ते आधीच केलंय. निसर्ग वादळानंतर मागच्या पडवीच्या भिंतीला तडा गेला, तेव्हा तुम्ही त्या तड्यावर पेन्सिलने आडव्या रेघा मारल्यात आणि प्रत्येक रेघेशेजारी तारीख लिहिलीत. भिंत सरकतेय की जागेवर आहे, हे कळायला. अजून आहेत त्या रेघा. दिवाळीत मी मोजल्या, अकरा.

निसार नावाचा उपग्रह हेच करतो. ३० जुलै २०२५ ला तो श्रीहरिकोट्याहून वर गेला, भारताचा आणि अमेरिकेचा मिळून. साडेसातशे किलोमीटरच्या आसपास उंचीवरून तो जमिनीवर रडारची लहर सोडतो आणि परत येणारा प्रतिध्वनी टिपतो. बारा दिवसांनी पुन्हा त्याच जागेवरून जातो आणि तेच करतो. मधल्या काळात डोंगर सेंटिमीटरभर जरी खाली आला असेल तरी दोन प्रतिध्वनी जुळत नाहीत. त्या न जुळण्यावरून जमीन किती हलली ते काढता येतं. ढग असोत, रात्र असो, त्याला फरक पडत नाही. त्याच्या दोन रडारांपैकी एकाची लहर २४ सेंटिमीटर लांबीची आहे, ती झाडांच्या पानांतून बरीचशी खाली उतरते. आपल्या सह्याद्रीत जुलैमध्ये महिनाभर ऊन दिसत नाही आणि सगळे उतार रानाने झाकलेले, तिथे हेच डोळे उपयोगाचे. मी ज्या गटात जातेय तो दरडींसाठी ही चित्रं वाचतो. तीन वर्षांचं काम आहे. आणि या उपग्रहाचं भारताकडचं रडार अहमदाबादलाच तयार झालंय, म्हणून अहमदाबाद.

तारीख पुन्हा वाचा, बाबा. ३० जुलै. माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं ते ३० जुलै २०१४ ला. बरोबर अकरा वर्षं आधी. दीडशेवर माणसं गेली आणि बाहेरच्या जगाला कळलं कसं, तर सकाळच्या एसटीचा ड्रायव्हर गाडी घेऊन आला आणि त्याला गावच दिसेना. मी हे कितीदा मनात आणलंय. आकाशात इतके उपग्रह फिरत असताना गाव नाहीसं झाल्याची बातमी एका एसटीवाल्याने द्यावी. मग २०२१ ला तळिये, २०२३ ला इर्शाळवाडी. आणि २२ जुलै २०२१ ची ती रात्र. आत्याचा फोन लागत नव्हता, महाडात पाणी चढलेलं, आणि बाबा, तुम्ही रात्रभर ओटीवर बसून होतात. त्या रात्रीबद्दल आपण कधी बोललो नाही. मी माझ्यापुरतं तेव्हाच ठरवलं होतं.

मी तुम्हाला खोटा भरवसा देणार नाही. सगळ्या दरडी सांगून येत नाहीत. काही उतार आधी वर्षानुवर्षं हळूहळू सरकत असतात, ते असे सापडू शकतील. पण ढगफुटीसारख्या पावसात एका रात्रीत सुटणारा कडा बारा दिवसांच्या दोन चित्रांच्या मध्येच येऊन जाईल. आणि चित्रात दिसलं तरी वाडीवर जाऊन दार ठोठावणारं माणूस लागतंच. निसर्गच्या आदल्या दिवशी तलाठी आणि पोलीसपाटील दारात येऊन उभे राहिले नसते, तर बाबा, तुम्ही गोठा सोडून शाळेत गेला असतात का? मी पुण्यात लॉकडाऊनमध्ये अडकलेली, दर अर्ध्या तासाने उपग्रहाचं नवं चित्र उघडत होते. ३ जूनला दुपारी तो पांढरा भोवरा आपल्या किनाऱ्यावर चढला आणि मग तुमचा फोन चार दिवस बंद. घराची कौलं गेली, वाडीतल्या पोफळी काड्यांसारख्या मोडल्या, आजोबांनी लावलेली रोठा सुपारीही गेली. पण तुम्ही शाळेत होतात. ओडिशात १९९९ ला असं वादळ आलं तेव्हा दहा हजारांच्या आसपास माणसं मेली. २०१३ ला फायलिन आलं, तेव्हा लाखो लोक आधीच हलवले होते, बळी काही डझनांवर राहिले. सगळं श्रेय उपग्रहाचं नाही, निवारे बांधले गेले, यंत्रणा सुधारली. पण वादळ कुठे धडकणार हे आधी कळलं, म्हणून माणसं हलवता आली.

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, पृथ्वीकडे बघा, कोण नको म्हणतंय. चंद्र, मंगळ कशाला?

याचं उत्तर मला आईच्या शुक्राच्या चांदणीत सापडलं. आई, पहाटे तू जिला बघून चूल पेटवायचीस आणि मला "ऊठ, चांदणी आली" म्हणायचीस तीच. तिच्यावर सतत दाट ढग आहेत, साध्या दुर्बिणीतून जमीन कधीच दिसत नाही. कार्बन डायऑक्साइडची एवढी जाड दुलई पांघरलीय की खाली ४६० अंशांच्या घरात तापमान. एखादा ग्रह तापत गेला तर कुठवर जाऊ शकतो, हे आपल्याला तिथे बघायला मिळालं. १९९० नंतर मॅगेलन नावाच्या यानाने त्या ढगांतून रडार टाकून जवळपास सगळ्या शुक्राचा नकाशा काढला. ती मोहीम सांभाळली अमेरिकेच्या जेपीएल या अवकाश प्रयोगशाळेने, आणि निसारचं दुसरं रडार त्याच जेपीएलचं. शुक्राच्या ढगांतून बघायला शिकलेले हात आज आपल्या आषाढातल्या ढगांतून बघतायत. लांबचं बघणारे आणि घरचं बघणारे असे दोन वेगळे कारखाने नसतात, बाबा. आपले गोवारीकरच बघा. रॉकेटच्या घन इंधनात आयुष्य घातलेला माणूस, थुंब्याच्या केंद्राचा संचालक, आणि १९८८ पासून मॉन्सूनचा अंदाज ज्या सोळा घटकांच्या प्रारूपावर निघायचा तेही त्यांच्याच पुढाकाराचं. तुम्हीच शाळेच्या फळ्यावर ते सोळा घटक लिहून दाखवले होते.

(आता आपलं यान शुक्राकडे जाणार आहे, २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, १,२३६ कोटी. पेपरात वाचून रागावण्याआधी मला फोन करा.)

आणि समजा, यातला एकही फायदा नसता. तरीही मला वाटतं माणसाने बघायला जावं. हे मला कुणी शिकवलं? १९९७, माझी चौथीची परीक्षा संपली होती. संध्याकाळी तुम्ही मला किनाऱ्यावर नेलंत, सूर्य बुडाल्यावर हनुवटी धरून माझी मान जरा उजवीकडे वळवलीत, आणि तिथे हेल-बॉप होता, शेपटी वर करून. तो पुन्हा येईल तोवर दोन हजारांहून जास्त वर्षं जातील, असं म्हणालात. मी विचारलं, तेव्हा आपण असू का? तुम्ही म्हणालात, "नाही. म्हणून तर आत्ता नीट बघून घे." येताना वाळूत माझी चप्पल हरवली आणि तुम्ही मला पाठकुळी आणलंत, तुमच्या शर्टाला खडूचा वास येत होता. आणि २३ ऑगस्ट २०२३ ला सहा वाजून चार मिनिटांनी, चंद्रावर पैसे कशाला म्हणणारे माझे बाबा टीव्हीसमोर उठून उभे राहिले होते. गुडघा दुखत असताना. आईने मला तेव्हाच सांगितलंय.

आता माझ्या खाण्यापिण्याचं. आई, खोली बघून आले. दुसरा मजला, हवा येते, खिडकीला जाळी आहे. घरमालकीणबाई वयस्कर आहेत, पहिल्याच भेटीत थेपले हातात दिले. आमटी तिथे गोड असते, पण मी माझा मसाला आणि कोकमं नेतेय, भात-आमटी मी घरीच करणार. उन्हाळा कडक आहे, कूलर घेतलाय. येणं-जाणंही वाटतं तेवढं अवघड नाही. रात्री गुजरात मेल धरली की सकाळी मुंबई, तिथून श्रीवर्धनची एसटी, दुपारच्या जेवणाला मी तुमच्या पानावर. महिन्यातून एकदा नक्की. गणपतीला आठ दिवस, ते मी रुजू होण्याआधीच सांगून ठेवलंय.

तुमचंही लावून दिलंय. न्हाणीघरात धरायला दांडा बसवायला माणूस सोमवारी येईल, "कशाला हवाय" म्हणून त्याला परत पाठवू नका. बाबांच्या बीपीच्या गोळ्या तीन महिन्यांच्या आणून कपाटात डावीकडे ठेवल्यात, सकाळची पांढऱ्या डबीत, रात्रीची निळ्या. शेजारचा बंड्या रोज संध्याकाळी डोकावून जाईल, त्याला फक्त चहा द्यायचा, पैसे मी बघते. शाकारणीला या वर्षी बाबा छपरावर चढणार नाहीत. शिडीला हातसुद्धा लावायचा नाही. माणूस लावा, दर विचारून घासाघीस करू नका. आई, मोतीबिंदूचं दुसऱ्या डोळ्याचं पावसाळ्याआधी उरकायचंच, मी चार दिवस येते. आणि एसटीतून जाताना पाणी प्यायचं. मी डॉक्टरांना विचारलंय, तुझ्या वयाला आणि तुझ्या साखरेला असं कोरडं राहणं चालत नाही. स्टँडवर सोय होईपर्यंत गाडी करून जा. खर्चाचा विचार करशील तर मी खरंच रडेन.

फार हुकूम सोडले का? रागावू नका. लांब जायचं म्हटलं की मला सगळं आजच करून टाकावंसं वाटतं.

बाबा, एक काम आहे. त्या तड्यावर बारावी रेघ मारा. या आठवड्याची तारीख घाला आणि बंड्याला फोटो काढून मला पाठवायला सांगा. मागच्या उतारावरचं पाणी भिंतीकडे येतंय अशी मला शंका आहे. रेघेपासून तडा मागे-पुढे किती झालाय ते पट्टीने मोजून लिहा, अंदाजे नको.

तुमची,
मनू