पंधरा प्रॅक्टिस

रविवार, रात्री उशिरा

चि. ईशान,
अनेक आशीर्वाद.

मघाशी तू फोन ठेवलास तेव्हा माझं बोलणं अर्धवट राहिलं. ते इथे पुरं करणार नाही. परवा मंगळवारी पहिली प्रॅक्टिस आहे आणि तोवर मनात फक्त खेळ असू दे, हे तुझं म्हणणं मला पटलंय. म्हणून फुटबॉलबद्दलच लिहिते, आपल्या अमेरिकन फुटबॉलबद्दल. मुद्दाम मराठीत लिहितेय, कारण ते तुला सावकाश वाचावं लागतं. फोनवर तुला माझं पुढचं वाक्य आधीच कळतं आणि मग तू ऐकत नाहीस.

ताईवर रागावू नकोस. तिने नोव्हेंबरचं सांगितलं ते बरंच केलं.

असो. स्प्रिंगच्या १५ प्रॅक्टिस, ३४ दिवस. पहिल्या दोन नुसत्या हेल्मेटवर, आणि टॅकलिंग करता येईल अशा जास्तीत जास्त आठ. म्हणजे खऱ्या वेगाने, खऱ्या गर्दीत तुला पाहण्याची कोचना मिळणारी संधी फार थोडी आहे. आणि क्वार्टरबॅकच्या, म्हणजे पास फेकणाऱ्याच्या, एका जागेसाठी तुम्ही तिघं. ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून, आलेला तो मोठा, तू, आणि हायस्कूल लवकर संपवून जानेवारीत आलेला धाकटा. कोच 'ओपन कॉम्पिटिशन' म्हणतात ते मनापासूनच म्हणत असतील, पण रेप्स, म्हणजे सरावात खेळायच्या पाळ्या, समान वाटले जात नाहीत. पहिला आठवडा पहिली लाइन त्या मोठ्याला मिळेल. तुझ्यापुढे दुसरी लाइन असेल. तिथे पॉकेट, लाइनने तुझ्याभोवती केलेलं कडं, लवकर कोसळतं, रिसीव्हर कधी चुकीच्या खोलीवर वळतो, सेंटरने मागे दिलेला बॉल, स्नॅप, डोक्यावरून जातो. तुझे आकडे त्याच्यापेक्षा वाईट दिसतील. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. फिल्मवर प्रत्येक स्नॅपला खूण पडते ती नुसत्या पूर्ण झालेल्या पासची नसते. प्रोटेक्शन बरोबर लावलंस का, नजर योग्य माणसावर होती का, बॉल वेळेवर सुटला का आणि रिसीव्हरच्या योग्य बाजूला पडला का, हे सगळं पाहतात. चांगला निर्णय घेऊन सुटलेला कॅच तुझ्या खात्यावर जात नाही. डबल कव्हरेजमध्ये टाकलेला आणि नशिबाने पकडला गेलेला पास मात्र वजाच जातो, स्टँडमध्ये कितीही टाळ्या पडोत.

आता तुझा आउट, रिसीव्हर पुढे पळून साइडलाइनकडे वळतो तो पास. गेल्या हंगामातल्या तुझ्या क्लिप्स मी पुन्हा पाहिल्या. जवळच्या हॅशवरून, म्हणजे मैदानावरच्या आखलेल्या खुणांपैकी जवळच्या ओळीवरून, तो सुरेख जातो. लांबच्या हॅशवरून उशीर होतो, दर वेळी. कॉलेजच्या मैदानात दोन हॅशमध्ये ४० फूट अंतर असतं आणि प्रत्येक हॅश आपल्या बाजूच्या साइडलाइनपासून ६० फुटांवर. डाव्या हॅशवरून उजवी साइडलाइन म्हणजे १०० फूट, ३३ यार्ड. स्नॅप होतो त्या लाइनच्या सात यार्ड मागे तू उभा, रिसीव्हर दहा यार्ड पुढे. तिरकं मोजलंस तर नावाला 'दहा यार्डांचा' असलेला हा पास हवेत जवळजवळ ३७ यार्ड जातो. जवळच्या हॅशवरून तोच पास २६ यार्डांत संपतो. हा दहा-अकरा यार्डांचा फरक कॉर्नरसाठी, रिसीव्हरवरच्या बचावपटूसाठी, पुरेसा आहे. रिसीव्हर मोकळा दिसला की मग टाकायचा, हा नियम तिथे चालत नाही. तो वळण्यासाठी आतला पाय रोवतो, त्या क्षणी बॉल हातातून सुटलेला हवा. तू त्याचं डोकं वळेपर्यंत थांबतोस, बॉलवर दुसऱ्या हाताने एक थाप मारतोस आणि मग उशीर भरून काढायला पुढचा पाय लांब टाकतोस. पाय लांब पडला की वजन मागे राहतं आणि बॉल उंच जातो. कधी पुढचं पाऊल आतल्या बाजूला पडतं, कंबर उघडत नाही, हात छातीसमोरून आडवा येतो आणि बॉल आत राहतो. कॉर्नरला तोच हवा असतो. तिथून एंड झोनपर्यंत त्याला कोणी अडवत नाही.

जोर वाढवून हे सुटणार नाही, पाय लवकर पडले तर सुटेल. शॉटगनमधून, म्हणजे सेंटरपासून मागे उभा राहून, तीन पावलं, तिसरं पाऊल टेकलं की बॉल गेला, मध्ये उडी नाही. आबा आठवतात का? मागच्या अंगणात तुळशीजवळ खुर्ची टाकून मोजायचे, 'एक, दोन, टाक'. त्यांना रूट, रिसीव्हरची ठरलेली धाव, म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण तू 'टाक'च्या नंतर टाकलास की त्यांना बरोब्बर कळायचं. 'शिळा झाला,' म्हणायचे. तू तेव्हा चौथीत होतास, हेल्मेट मानेवर डुगडुगायचं, आणि मी ते घट्ट करायला आले की माझा हात ढकलून द्यायचास.

मी हेल्मेटवर यायचं नाही असं ठरवलं होतं.

दुसरी गोष्ट घड्याळाची. पुढचा स्नॅप घ्यायला ४० सेकंद. हेल्मेटमधला कोचचा आवाज २०२४पासून आला खरा, पण घड्याळावर १५ सेकंद उरले की बंद होतो. त्यानंतर बचाव बदलला तर तू एकटा. प्रॅक्टिसमध्ये काही वेळा कोच मागे उभे राहून शेवटपर्यंत बोलत राहतात, आणि क्वार्टरबॅकला त्याची सवय लागते. तू होऊन सांग की मला १५ला बंद करा. त्या पंधरा सेकंदांत तुझा क्रम ठरलेला हवा. आधी सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागचे बचावपटू, मोजायचे, वर एक आहे की दोन. मग बॉक्समध्ये, लाइनजवळच्या गर्दीत, किती माणसं. मग माइक, म्हणजे मधला लाइनबॅकर, कोण ते बोट दाखवून मोठ्याने सांगायचं, म्हणजे लाइन कुठे सरकायची ते पाचही जणांना कळेल. मग आपला हॉट कोण, म्हणजे जास्त माणसं अंगावर आली तर झटकन कोणाला टाकायचं. हा क्रम दर स्नॅपला तोच ठेव, अगदी सेव्हन-ऑन-सेव्हनमध्येही, जिथे लाइनच नसते. आणि स्नॅप झाला की पहिली दोन पावलं नजर सेफ्टीवर. दोन दिसत होते त्यातला एक मागे मध्यावर सरकला तर आधीचं चित्र पुसून टाकायचं. धाकटा तिथेच फसेल. हायस्कूलमध्ये जे दिसतं तेच असतं.

मोठ्याचा फायदा नेमका हा आहे. त्याने हे खूप पाहिलंय. त्याचा हात तुझ्याइतका नाही. (हे मी आई म्हणून लिहीत नाही, त्याच्या जुन्या संघाच्या मॅचेस मी बाबांबरोबर बसून पाहिल्यात.) पण तो तिसऱ्या डाउनला, म्हणजे तिसऱ्या प्रयत्नाला, घाबरत नाही, बॉल वाया घालवायचा तर साइडलाइनबाहेर सरळ फेकतो. ते त्याच्याकडून शीक. त्याच्याशी अबोला धरू नकोस. आता स्प्रिंगनंतर पोर्टल उघडत नाही, फक्त जानेवारीत उघडतं. एप्रिलमध्ये त्या खोलीत जे तिघं असतील तेच ऑगस्टमध्ये असतील.

आणि सांभाळायचं ते लाल जर्सीचं. क्वार्टरबॅकला कोणी पाडायचं नाही, म्हणून प्रॅक्टिसमध्ये सगळेच पॉकेटमध्ये निवांत उभे राहतात. रशर हात लावून थांबतो, कोचने शिट्टी वाजवली नाही तर तीन सव्वातीन सेकंदांनी पास टाकून मोकळे होतात आणि तो पूर्ण झाला म्हणून खूश होतात. खऱ्या मॅचमध्ये तो सॅक असतो, बॉलसकट पाडलं जाणं, किंवा त्याहून वाईट, फंबल, बॉल हातातून सुटणं. मनात मोज. अडीच सेकंदांत बॉल गेला नाही तर तो पास तू स्वतःच बाद धर.

पण लाल जर्सी जमिनीला कळत नाही, ईशान. नोव्हेंबरमध्ये तुला कोणी मारलं नव्हतंच. तुझ्याच गार्डचा पाय मागे आला, तू अडखळलास आणि हेल्मेटची मागची बाजू टर्फवर आपटली. ताईला तू सांगितलंस की दोन दिवस फळ्यावरचं नीट दिसत नव्हतं आणि फिल्म रूममध्ये दिवा बंद केला की बरं वाटायचं. आणि तू कोणालाही बोलला नाहीस, कारण त्या आठवड्यात स्काउट टीमवर, सरावात प्रतिस्पर्ध्याची नक्कल करणाऱ्या संघात, रेप्स मिळत होते.

मी लिहायचं नाही म्हटलं होतं आणि लिहितेच आहे. रागाने नाही लिहीत. हिशेब मांडते, तुला हिशेब आवडतात. ट्रेनरला सांगितलंस तर त्या दिवशी परत मैदानात सोडणार नाहीत. लक्षणं गेली की मग पायऱ्या. आधी सायकल किंवा हलकं धावणं, मग पळत फेकणं, मग बिनसंपर्काचे ड्रिल, मग पूर्ण प्रॅक्टिस. प्रत्येक पायरीला निदान २४ तास, आणि परत पाठवायचा अंतिम शब्द डॉक्टरांचा, कोचचा नाही. सगळं सुरळीत गेलं तर आठवडाभर. १५ प्रॅक्टिस ३४ दिवसांत म्हणजे आठवड्याला तीन. तू तीन प्रॅक्टिस गमावशील, फार तर चार. आता लपवलंस तर काय होतं? ज्या डोक्याला सेफ्टीचं सरकणं अर्ध्या सेकंदात वाचायचंय तेच डोकं मंद चालतं. तू मध्यावर उशिरा टाकशील. फिल्मवर कोचना डोकेदुखी दिसणार नाही, उशीर दिसेल, आणि ते लिहितील की याला वाचता येत नाही. नोव्हेंबरच्या त्या आठवड्यातल्या क्लिप्स तू स्वतः मला दाखवल्या होत्यास, थँक्सगिव्हिंगला, आणि म्हणाला होतास की काय झालं होतं मला कोण जाणे. मला आता कळतंय काय झालं होतं. आणि पहिलं बरं व्हायच्या आत दुसरा मार बसला तर त्याचा हिशेब मी मांडत नाही. २०२२चा सप्टेंबर तू माझ्याशेजारी बसून पाहिला आहेस. मायामी डॉल्फिन्सचा क्वार्टरबॅक टुआ रविवारी लडखडला, गुरुवारी पुन्हा खेळला आणि मैदानावर बोटं वाकडी होऊन पडला. तू टीव्ही बंद केला होतास.

हे उपदेशासारखं झालं. माफ कर. तुला खेळू न देणारी आई मला व्हायचं नाही, आणि आजवर कधी झालेही नाही.

तीन प्रॅक्टिस बुडाल्या म्हणजे सगळं गेलं असं वाटत असेल तर क्वार्टरबॅक जो बरो आठव. २०१७च्या ऑगस्टमध्ये, सीझन तोंडावर असताना, ओहायो स्टेटला त्याचा फेकायचा हात मोडला. दुसऱ्या नंबरची जागा हॅस्किन्सकडे गेली. २०१८ची स्प्रिंग खेळून तो एलएसयूला गेला, आणि २०१९मध्ये ६० टचडाउन पास, १५-०, आणि वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची हाइझमन ट्रॉफी. तुझ्या भिंतीवर तेच पोस्टर होतं, अजून आहे, मी काढलेलं नाही. फक्त एवढंच की मोडलेला हात एक्स-रेमध्ये दिसतो, कोणाला सांगावं लागत नाही. कन्कशन, मेंदूला बसलेला हादरा, साध्या स्कॅनमध्ये बहुतेक वेळा दिसतच नाही. ते तूच सांगायचं असतं.

हंगामाआधी जी बेसलाइन चाचणी घेतात ती नीट दे. काही मुलं मुद्दाम कमी गुण पाडतात, म्हणजे पुढे मार लागला तरी फरक दिसू नये. तू तसलं करणार नाहीस, मला माहीत आहे. तरी लिहिलं.

बाकी किरकोळ. सकाळी सहाच्या प्रॅक्टिसला मार्चमध्ये बॉल दगडासारखा आणि गुळगुळीत होतो. कमरेची उबदार थैली बांध, स्नॅपच्या आधी हात त्यात, आणि पहिले वीस पास जवळचेच टाक. गार खांद्याने पहिलाच पास लांब टाकायची तुझी खोड आहे. दुसऱ्या लाइनच्या सेंटरबरोबर प्रॅक्टिसनंतर रोज २५ स्नॅप घे, निम्मे ओल्या बॉलवर. जमिनीवर पडलेला स्नॅप कोणाच्या चुकीने पडला हे कोणी विचारत नाही, तो क्वार्टरबॅकच्याच नावावर जातो. आणि हडलमध्ये तुझा आवाज वाक्याच्या शेवटी खाली जातो. बाबांसारखा. कडेच्या टॅकलला ऐकू जात नाही. शेवटचा शब्द, स्नॅपचा काउंट, तोच सगळ्यात स्पष्ट हवा.

कोच एप्रिलअखेर नाव जाहीर करणार नाहीत असं मला वाटतं. तिघांत खरंच चुरस असेल तर ते ऑगस्टपर्यंत ताणतील, म्हणजे उन्हाळाभर तिघंही राबतात. म्हणून या पाच आठवड्यांत सगळं मिळवायची घाई नको. तुझा उशीर गेला आणि धाकट्याच्या तू पुढे राहिलास तरी मला ही स्प्रिंग चांगली वाटेल. पहिला झालास तर बाबा गाडी काढून रात्रीच निघतील, त्यांनी टायर बदलून ठेवलेत आणि कारण विचारलं तर पावसाचं सांगतात.

पार्सल बुधवारी पोचेल. मेतकूट, लाडू, आणि खाली तळाशी दिनेशकाकांनी दिलेले मोजे. लाडू रूममेटला दे पण सगळे देऊ नकोस.

गुरुवारी दुसरी प्रॅक्टिस झाली की फोन कर. आधी लांबच्या हॅशवरून किती आउट टाकलेस आणि किती वेळेवर सुटले ते सांग, मी मध्ये बोलणार नाही. डोक्याचं शेवटी विचारीन, एकदाच, आणि तू जे सांगशील ते खरं धरीन.

तुझी,
आई