घराण्यावरून भांडू नका

आई, बाबा,

परवा फोनवर परत तोच विषय, की माझं डिप्रेशन नक्की कुणाकडून आलं. आई म्हणते बाबांच्या घराण्यातून, काका तसाच होता ना, आणि बाबा म्हणतात आईने अभ्यासासाठी एवढा पिच्छा पुरवला नसता तर काही झालंच नसतं. मी तेव्हा गप्प बसले, पण नंतर बरंच वाचलं म्हणून लिहितेय.

जुळ्यांवरच्या अभ्यासांत डिप्रेशनचा आनुवंशिक वाटा साधारण ३५ ते ४० टक्के निघतो. पण म्हणून माझ्या दुखण्यातलं एवढं काकाचं असा हिशोब नसतो हं आई, तो आकडा लोकालोकांत जो फरक दिसतो त्याचा आहे, एका माणसाला लावायचा नाही. शिवाय त्यामागे एखादाच जीन नाही, थोडाथोडा परिणाम करणारे शेकडो आहेत, म्हणजे दोन्हीकडून आले असणार, तुझ्याकडूनसुद्धा. आणि बाबा, त्याच अभ्यासांत एका घरात वाढल्याचा डिप्रेशनवरचा परिणाम फारच कमी दिसतो, ज्याच्या त्याच्या वाट्याला आलेल्या अनुभवांचा जास्त. (घरात मारहाण, छळ असेल तर धोका वाढतोच, पण आपल्याकडे तसलं काही नव्हतं.) दादा पण त्याच शिस्तीत वाढला की, तो मजेत आहे आणि मी गोळ्या घेतेय.

शिक्षणाचं मात्र वेगळं, तिथे घराचा हात चांगलाच दिसतो. आईबाबांचे निम्मे जीन्स मुलात येतात, निम्मे येतच नाहीत, तर २०१८ मध्ये आइसलँडच्या संशोधकांनी नेमके ते न आलेलेच तपासले. त्यांचाही मुलाच्या शिक्षणावर परिणाम निघाला, आलेल्यांच्या जवळपास ३० टक्के! मला हे वाचून जाम भारी वाटलं. कारण आईबाबा जसे असतात तसं घर होतं आणि मूल त्या घरात वाढतं, मग जीन मिळो न मिळो. बाबा तुम्ही रोज काहीतरी मोठ्याने वाचून दाखवायचात, आई माझी गणितं स्वतःचाच पेपर असल्यासारखी सोडवत बसायची, ते सगळं माझ्यापर्यंत आलंच की. तेव्हा आईचा तो पिच्छा माझ्या डिग्रीच्या खात्यात टाका, आजाराच्या नको.

आता कामाचं. डॉक्टर घरातली हिस्टरी विचारतायत. काकाला कितव्या वर्षी सुरू झालं, कुठल्या औषधाने फरक पडला, आणि मधेच झोप न घेता खूप उत्साहात, वारेमाप खर्च वगैरे असं व्हायचं का, हे आठवून सांगा. तसं असेल तर औषधच बदलावं लागू शकतं, म्हणून लपवू नका. आई, तुझ्या माहेरचंही विचार, मामीला सगळं माहीत असतं. व्हॉट्सअपवर व्हॉइस मेसेज केलात तरी चालेल, फक्त पुढच्या अपॉइंटमेंटच्या आधी.

तुमचीच,
धाकटी