तिकडे राजीनामे, इकडे सहल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी ब्रिटनचे माजी पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांची आठवण काढून आपल्या पुढाऱ्यांना चार शब्द सुनावले. पन्नासहून जास्त सहकाऱ्यांनी राजीनामे तोंडावर फेकले, पंतप्रधानाला जावे लागले, याला म्हणतात लोकशाही. आमच्याकडे एवढी लाज कुणाला आहे, असा एकूण सूर होता. आमच्या तासगावात चहाच्या टपरीवरही हेच ऐकू येते. माझी हयात सोसायटीचा गटसचिव म्हणून गेली. सभा, ठराव, कोरम आणि राजीनामे यांचे कागद सांभाळणाऱ्या माणसाचा लाजेवर फारसा भरवसा राहत नाही. जॉन्सन प्रकरणात मी लाज शोधली. ती थोडी सापडली, पण नियम जास्त सापडले.

आधी लाजेचे पाहू. करोनाच्या टाळेबंदीत लोक आपल्या माणसाच्या अंत्यविधीलाही जाऊ शकत नव्हते, तेव्हा पंतप्रधानांच्या कार्यालयात पार्ट्या झाल्या. त्याबद्दल एप्रिल २०२२ मध्ये पोलिसांनी जॉन्सन यांना दंड केला. त्याच दिवशी तसाच दंड अर्थमंत्री ऋषी सुनक यांनाही झाला. दोघांनी माफी मागितली आणि दोघेही खुर्चीवर राहिले. मे महिन्यात चौकशीचा अहवाल आला, तरी मंत्रिमंडळातले बडे लोक जागचे हलले नाहीत. म्हणजे सदसद्विवेकबुद्धी जागी व्हायला पुरेसा वेळ आणि पुरेसा पुरावा दोन्ही होते. ती जुलैत जागी झाली, आणि तीही एका संध्याकाळी, काही मिनिटांच्या अंतराने.

मधल्या काळात जे घडले ते आपल्याकडे फारसे छापून आले नाही. जॉन्सन यांच्या हुजूर पक्षात तेव्हा अशी सोय होती, की १५ टक्के खासदारांनी पक्षाच्या '१९२२ समिती'च्या, म्हणजे पक्षाच्या खासदारांच्या समितीच्या, अध्यक्षांना अविश्वासाचे पत्र दिले की नेत्यावर मतदान घ्यावेच लागे. पत्र कुणी दिले हे अध्यक्ष सांगत नाहीत, आणि मतदानही गुप्त असते. ६ जून २०२२ रोजी असे मतदान झाले. जॉन्सन यांच्या बाजूने २११ आणि विरोधात १४८ मते पडली. ते जिंकले, आणि त्यांच्या नियमाप्रमाणे पुढे वर्षभर त्यांच्यावर पुन्हा ठराव आणता येत नव्हता. मग २३ जूनला पक्ष एकाच दिवशी दोन पोटनिवडणुका हरला. नाराजांच्या हातात सरळ मार्ग उरला नव्हता. आपण सगळे टाळ्या वाजवतो ते सामूहिक राजीनामे या अडचणीतून निघाले, हे लक्षात घेतले पाहिजे.

ठिणगी पडली ती एका उपमुख्य प्रतोदावरून. ख्रिस पिंचर यांच्यावर एका क्लबात दोन पुरुषांच्या अंगाला हात लावल्याचा आरोप झाला आणि ३० जूनला त्यांनी पद सोडले. त्यांच्याबद्दलच्या आधीच्या तक्रारीची पंतप्रधानांना माहिती नव्हती, असे कार्यालयाने सांगितले आणि मंत्र्यांनी तेच टीव्हीवर जाऊन सांगितले. ५ जुलैला परराष्ट्र खात्याच्या माजी सचिवांनी जाहीर पत्र लिहून कळवले, की माहिती होती, प्रत्यक्ष सांगितले होते. माझ्या मते खरे दुखणे इथे आहे. साहेबासाठी खोटे बोलायला मंत्री तयार असतो. पण दुपारपर्यंत ते खोटे उघडे पडणार असेल, तर तोंड त्याचे काळे होते. त्याच संध्याकाळी आरोग्यमंत्री साजिद जाविद आणि सुनक यांनी राजीनामे दिले.

पुढचे दोन दिवस मात्र वाचण्यासारखे आहेत. मंत्री, राज्यमंत्री, संसदीय सचिव एकेक करून पत्रे टाकत होते. विधेयकांवरच्या समितीचे काम चालवायला मंत्रीच उरला नाही म्हणून बैठक रद्द करावी लागली. जॉन्सन संसदेत उभे राहून सांगत होते, की मतदारांनी २०१९ मध्ये आपल्याला प्रचंड कौल दिला आहे, आपण काम करत राहणार. (८० जागांचे बहुमत मिळाले होते हे खरे. 'जनतेने मला निवडून दिले आहे' हे वाक्य आमच्या कारखान्याच्या अध्यक्षापासून लंडनपर्यंत एकच आहे.) ६ तारखेला मंत्रिमंडळातलेच लोक पंतप्रधानांच्या घरी जाऊन 'आता पुरे' म्हणाले. त्या रात्री जॉन्सन यांनी मंत्री मायकेल गोव्ह यांना काढून टाकले. नव्या शिक्षणमंत्री मिशेल डोनेलन यांना ५ तारखेला नेमले, त्यांनी ७ तारखेला राजीनामा दिला. सगळ्यांत गंमत नव्या अर्थमंत्र्यांची. नधीम झहावी यांनी ५ तारखेला पद स्वीकारले, ७ तारखेला 'तुम्ही जा' असे पंतप्रधानांना जाहीर पत्र लिहिले, स्वतः मात्र अर्थमंत्री राहिले आणि दोनच दिवसांनी नेतेपदाच्या शर्यतीत उतरले. सुनक आणि जाविदही त्या शर्यतीत होतेच. तेव्हा नैतिकतेची आरती जरा बेताने ओवाळावी.

७ जुलैला जॉन्सन यांनी पक्षाचे नेतेपद सोडत असल्याचे जाहीर केले. कळप एकदा हलला की हलतोच, अशा अर्थाचे काहीतरी ते त्या भाषणात बोलले. तरीही काळजीवाहू म्हणून ६ सप्टेंबरपर्यंत ते त्याच घरात होते, आणि ऑक्टोबरात लिझ ट्रस यांनी पद सोडल्यावर परत यायची त्यांची धडपड झालीच. खुर्ची सोडवत नाही हा रोग काही आपल्या मातीतला नाही.

मग तिथे जमले ते इथे का जमत नाही? सप्टेंबर २०१९ मध्ये याच जॉन्सन यांनी पक्षादेश मोडणाऱ्या आपल्या २१ खासदारांना संसदीय पक्षाबाहेर काढले होते. पण ते खासदार राहिले. पक्ष गेला, सदस्यत्व गेले नाही. राजीनामा देणाऱ्या मंत्र्याच्या मागेही तोच आधार असतो: मंत्रिपद गेले तरी मागच्या बाकावर बसून नेत्याविरुद्ध मत देता येते.

आपल्याकडे १९८५ साली ५२व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली. हेतू चांगला होता, आयाराम-गयारामांना चाप हवा होताच. पण पक्षादेशाविरुद्ध एक मत दिले की आमदारकी धोक्यात, अशी तरतूद झाली. पूर्वी एक-तृतीयांश फुटले तर चालत असे. २००३ मध्ये तेही काढले. आता वेगळे व्हायचे तर दोन-तृतीयांश माणसे घेऊन दुसऱ्या पक्षात विलीन व्हा. शिवाय पक्षाच्या आत नेत्यावर गुप्त मतदान घेण्याची सोय आपल्या कुठल्या मोठ्या पक्षात प्रत्यक्ष वापरलेली मी तरी पाहिलेली नाही. अशा वेळी नाराज माणसाने एकट्याने पत्र लिहून काय मिळवायचे? तो पत्र लिहीत नाही. तो माणसे गोळा करतो.

योगायोग असा, की लंडनमध्ये हे चालू होण्याच्या पंधराच दिवस आधी आपल्याकडे सुरत आणि गुवाहाटी झाले. एकनाथ शिंदे मूळचे आमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या दरे गावचे, त्यामुळे इकडे तर त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. कोण खरा, कोण गद्दार या वादात मला पडायचे नाही. एक गोष्ट मात्र नोंदवावीशी वाटते. सरकारविरुद्ध बंड करणारे मंत्री तेव्हा मंत्रीच होते. त्यांनी राजीनामे दिले नाहीत. २७ जूनला उद्धव ठाकरे यांनी त्यांची खाती काढून दुसऱ्यांना दिली, पण मंत्रिपदे तशीच राहिली. राजीनामा दिला तो मुख्यमंत्र्यांनी, २९ जूनला, बहुमत चाचणीला सामोरे न जाता. ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की राज्यपालांनी चाचणीला बोलावणे चुकीचे होते, पण ठाकरे यांनी स्वतःहून राजीनामा दिल्याने त्यांचे सरकार परत आणता येत नाही. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. पण गावोगावच्या पुढाऱ्यांनी यातून काय उचलले, हे आपण सांगायला नको. राजीनामा देणारा फसतो, हेच.

गावात हा धडा आधीच पाठ होता. सरपंच किंवा सोसायटीचा अध्यक्ष निवडताना सव्वा-सव्वा वर्षाची बोली होते. सव्वा वर्ष उलटते, राजीनाम्याचे नाव निघत नाही. मग आठवडाभर सदस्य गावात दिसत नाहीत, 'सहलीला गेलेत' म्हणून घरचे सांगतात, आणि सगळे मतदानाच्या सकाळीच गाडीतून उतरतात. थेट जनतेतून निवडलेल्या सरपंचाविरुद्ध तर तीन-चतुर्थांश सदस्य लागतात, आणि वर ग्रामसभेची गुप्त मतदानाने मान्यता. सहकारात निदान एक वाट आहे: निम्म्याहून जास्त संचालकांनी राजीनामे दिले की मंडळ अल्पमतात जाते आणि प्रशासक येतो. एका संस्थेत, नाव सांगत नाही, अध्यक्षांनी असे आलेले राजीनामे टेबलाच्या कप्प्यात घालून कुलूप लावले होते. नंतर बरेचसे परत घेतले गेले. कसे, ते विचारू नये.

आपल्या जिल्ह्याला राजीनाम्याचे वावडे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. १९७८ च्या जुलैत शरद पवार आणि त्यांचे साथीदार वसंतदादांच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडले. ती जखम सांगलीतले जुने लोक अजून विसरलेले नाहीत, आणि खंजिराचा शब्दप्रयोग तर महाराष्ट्राला पाठ आहे. पण तिथे निदान मंत्र्यांचे राजीनामे आधी आले, दादांनीही बहुमत गेल्यावर खुर्चीला मिठी मारली नाही. तेव्हा पक्षांतरबंदी नव्हती. पुढे १९८५ मध्ये पक्षाने प्रदेशाध्यक्ष परस्पर नेमला म्हणून दादांनी मुख्यमंत्रिपद सोडले. आमच्या तालुक्यातल्या अंजनीच्या आर. आर. आबांनी मुंबई हल्ल्यानंतर डिसेंबर २००८ मध्ये गृहमंत्रिपद सोडले आणि २००९ च्या निवडणुकीनंतर तेच खाते त्यांच्याकडे परत आले.

म्हणून त्या पत्रलेखकांना माझे सांगणे एवढेच, की इंग्रजांसारखी लाज मागत बसण्यापेक्षा त्यांच्यासारखी सोय मागू. दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सुचवले होते, की पक्षादेश मोडल्यावर सदस्यत्व जाण्याची शिक्षा विश्वास-अविश्वास ठरावापुरती ठेवावी, बाकी विधेयकांवर आमदार-खासदाराला आपल्या मताने वागू द्यावे. ती शिफारस तशीच पडून आहे. माझे मत याहून थोडे पुढचे आहे: प्रत्येक पक्षाने विधिमंडळातल्या नेत्यावर ठरावीक सह्यांनंतर गुप्त मतदान घेण्याचा नियम आपल्या घटनेत लिहावा आणि ती घटना निवडणूक आयोगाकडे देऊन पाळावी. यात फूट वाढेल, सरकारे डळमळतील, असा आक्षेप येईल. २०१९ ते २०२४ या काळात महाराष्ट्राने जे पाहिले, त्याहून जास्त काय डळमळणार आहे?

संपादक महोदय, निवडणुका आल्या की सगळ्या पक्षांचे उमेदवार आपल्या कार्यालयात मुलाखतीला येतात. रस्ते, पाणी, ऊसदर, द्राक्षांची भरपाई हे प्रश्न आपण विचारताच. त्यांत एक वाढवावा: तुमचा नेता चुकला तर त्याला पदावरून हटवायची तुमच्या पक्षात काय पद्धत आहे, आणि ती शेवटची कधी वापरली? उत्तरे जशीच्या तशी छापावीत, न सुधारता.

आपला,
एक निवृत्त गटसचिव
तासगाव, जि. सांगली