आकडा छापला, त्यामागचे कागद कुठे?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

भारताने डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या अहवालानुसार २०२० साली देशाचे हरितगृह वायूंचे उत्सर्जन कार्बन डायऑक्साइडच्या मापात २,९५९ दशलक्ष टन होते (जंगले आणि जमीन यांचा हिशेब वेगळा). आकड्याची चर्चा झाली. तो ज्या तक्त्यांवरून निघाला, ते तक्ते वीस वर्षांनी कुणाला सापडतील का, ही माझी काळजी आहे.

माझी सारी नोकरी सांख्यिकीच्या कामात गेली. एका कार्यालयाची जागा बदलली, तेव्हा पशुगणनेच्या गावनिहाय तक्त्यांचे गठ्ठे ओल्या खोलीत पडून राहिले आणि वाळवीने खाल्ले. तालुक्याच्या बेरजा तेवढ्या वाचल्या. पुढे एका तालुक्यात म्हशी एकदम निम्म्यावर आलेल्या दिसल्या. खरोखर घटल्या की बेरीज चुकली, हे ठरवायला कुणाकडेच काही उरले नव्हते.

गुरांच्या पोटातून निघणाऱ्या मिथेन या हरितगृह वायूचा हिशेब याच गुरांच्या आकड्यांवर उभा असतो. एक टन मिथेन म्हणजे किती टन कार्बन डायऑक्साइड, याचे उत्तर जुन्या अहवालांत २१ होते. हवामान बदलावरच्या पॅरिस कराराच्या नियमांत ते २८ आहे. मूळ मिथेनचे टन जपले असतील तर नवा गुणाकार करायला पाच मिनिटे पुरतात. सगळे वायू मिळून एकच बेरीज उरली असेल तर जुनी वर्षे दुरुस्तच होत नाहीत. आणि आपल्याला २००५ हे वर्ष सोडता येणार नाही: २०३० पर्यंत जीडीपीमागचे उत्सर्जन ४५ टक्क्यांनी कमी करण्याचा आपला शब्द त्याच वर्षाच्या तुलनेत आहे.

आपल्या गोव्यातल्या खाजन शेतीचेच (खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीचेच) पाहा. भाताच्या शेतात पाणी जितके दिवस साचून राहते तितका मिथेन जास्त. पण खाऱ्या पाण्यातल्या सल्फेटमुळे तो कमी होतो. म्हणजे मानशीतून (बांधाच्या दारातून) खारे पाणी येणारे कोरगुटाचे (खारे पाणी सोसणाऱ्या भाताचे) शेत आणि मोरडावरचे (उंचावरच्या जमिनीतले) शेत यांचा हिशेब सारखा असूच शकत नाही. आज नोंदवहीत नुसते 'भाताखालील क्षेत्र' लिहून ठेवले, तर उद्या कितीही चांगली पद्धत आली तरी हा फरक काढता येणार नाही.

विकसित देश १९९० पासूनच्या सगळ्या वर्षांचे तक्ते दरवर्षी सादर करतात, पद्धत बदलली की मागची वर्षेही नव्याने मोजतात. अनेक विकसनशील देशांत मात्र हे काम अहवालापुरता प्रकल्प म्हणून निघते. प्रकल्प संपला की माणसे पांगतात, आणि फाइली कुणाच्या तरी लॅपटॉपवर राहतात. पॅरिस कराराचे नियम आकडेवारी, गुणांक (एका गुरामागे किंवा एका हेक्टरमागे किती वायू निघतो ते प्रमाण) आणि तपासणीच्या नोंदी जपायला सांगतात. विकसनशील देशांना तिथे सवलत आहे. ती आपण घेऊ नये.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक वर्षाची मूळ आकडेवारी, वापरलेले गुणांक, ते का निवडले याची टिपणे आणि नंतरच्या दुरुस्त्या तारखेनिशी एका कायमस्वरूपी कार्यालयाच्या ताब्यात असाव्यात, लोकांना पाहायला खुल्या असाव्यात. गोव्यापुरते तर हे आजच सुरू करता येईल. पणजीच्या पुराभिलेखागाराची परंपरा १५९५ पासूनची आहे. कागद जपणे आपल्याला नवे नाही. शेती, पशुसंवर्धन, वीज, वाहतूक आणि कचरा व्यवस्थापन या खात्यांनी आपले तालुकानिहाय तक्ते दरवर्षी तिथे जमा करावेत, असा आदेश सरकारने काढावा.

आपला,
एक निवृत्त सांख्यिकी कर्मचारी, डिचोली