दार्तान्यांच्या मागे उभे असलेले जनरल

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, हा दार्तान्यां शूर आहे की नुसता भांडकुदळ?" तेव्हा बोलणं अर्धवट राहिलं. ‘थ्री मस्केटियर्स’ (फ्रेंच लेखक अलेक्झांडर द्यूमाची, राजाच्या बंदूकधारी शिपायांवरची कादंबरी; दार्तान्यां तिचा नायक) मला फार जवळचं पुस्तक आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

सुरुवातीची पानं वाचून तुझं तसं मत होणारच. १६२५ सालच्या एप्रिलात अठरा वर्षांचा हा गॅस्कन (नैऋत्य फ्रान्समधल्या गॅस्कनीचा) पोरगा पिवळ्या तट्टावर बसून घर सोडतो. वाटेत एकजण त्या तट्टाला हसतो, तर हा तलवार उपसतो. पॅरिसला पोचल्यावर तीन मस्केटियर्सशी गाठ पडते: आतोसच्या दुखऱ्या खांद्यावर आदळतो, पोर्तोसच्या झग्यात अडकतो, आरामिसचा लपवलेला रुमाल सगळ्यांसमोर उचलून देतो, आणि बारा, एक, दोन वाजता अशी लागोपाठ तीन द्वंद्वं अंगावर घेतो. पण घरून निघताना त्याच्याजवळ काय होतं ते बघ. ते तट्टू, पंधरा एक्यू (त्या काळची नाणी), मस्केटियर्सचा नायक त्रेव्हिल याच्या नावाची चिठ्ठी (तीही वाटेत चोरीला जाते) आणि आईने दिलेली जखमेवरच्या मलमाची कृती. राजा आणि कार्डिनल (राजाचा मंत्री रिशल्यू) सोडून कुणाचं काही ऐकून घेऊ नकोस, असं बापाने बजावलेलं. ज्याच्याकडे मानाखेरीज दुसरी मालमत्ताच नाही, तो तिला असाच जपणार.

तो सैनिक म्हणून कसा आहे, ते मला ला रोशेल या बंडखोर शहराच्या वेढ्यात दिसतं. सेंट जर्व्हेच्या बुरुजावर तासभर बसून न्याहारी करून दाखवू, अशी पैज दार्तान्यां आणि एव्हाना त्याचे जिवलग झालेले ते तिघं लावतात. पैज हे निमित्त. त्यांना मिलेडी या कार्डिनलच्या हेर बाईबद्दल बोलायचं असतं आणि छावणीत भिंतींनाही कान असतात. आदल्या रात्रीच्या चकमकीतली प्रेतं बुरुजावर पडलेली आहेत. शत्रू चालून येतोय असं दिसल्यावर ती उठवून तटाला टेकवली जातात, हातात बंदुका दिल्या जातात, आणि लांबून वाटतं की बुरुज शिबंदीने भरलाय. निघताना आतोस निशाण म्हणून लावलेला रुमाल आणायला गोळ्यांच्या माऱ्यात परत जातो. त्या भागात दार्तान्यां ऐकून घेतो, डोकं चालवतो, सोबत्यांवर विसंबतो. पहिल्या प्रकरणातला तो उतावळा पोरगा तिथे शोधूनही सापडत नाही.

हे सगळं द्यूमाने आणलं कुठून? दार्तान्यां नावाचा सैनिक खरोखर होऊन गेला, १६७३ मध्ये मास्त्रिख्तच्या वेढ्यात तो मारला गेला. त्याच्या नावावर खपवलेल्या आठवणींचं पुस्तक १७०० साली निघालं, तिथून कथेचा सांगाडा मिळाला. ऑग्युस्त माके हा सहलेखकही मदतीला होता. पण त्या सांगाड्यात जीव भरला तो द्यूमाच्या वडिलांनी, असं माझं पक्कं मत आहे.

थोमा-अलेक्झांडर द्यूमा १७६२ मध्ये आजच्या हैतीत जन्मले. बाप फ्रेंच उमराव, आई मारी-सेसेत गुलाम. बापाने स्वतःच्या या मुलाला एकदा गहाण टाकलं होतं, मग सोडवून फ्रान्सला नेलं. १७८६ मध्ये ते साधे शिपाई म्हणून ड्रॅगून घोडदळात भरती झाले, तेव्हा माझं नाव तिथे लावू नकोस, असं बाप म्हणाला. त्यांनी आईचं नाव लावलं. आज सगळं जग ओळखतं ते ‘द्यूमा’ हे नाव त्या गुलाम बाईचं आहे. सात वर्षांत ते जनरल झाले. १७९७ मध्ये आल्प्समधल्या टायरोलात क्लाउझेनच्या पुलावर त्यांनी एकट्याने ऑस्ट्रियन घोडेस्वारांना रोखून धरलं. बुरुजाचा प्रसंग वाचताना मला हा पूल दिसतो.

पुढे इजिप्तच्या मोहिमेत नेपोलियनशी त्यांचं बिनसलं. परतताना गळकं जहाज इटलीतल्या तारांतोच्या बंदरात लावावं लागलं आणि तिथे ते कैदेत पडले. दोन वर्षांनी सुटले ते लंगडत आणि एक डोळा अधू होऊन. थकलेला पगार मिळाला नाही. १८०६ मध्ये ते गेल्यावर बायकोला पेन्शनही नाही, तिने तंबाखूचं दुकान चालवून पोरं वाढवली. मुलगा अलेक्झांडर, म्हणजे आपला लेखक, तेव्हा चार वर्षांचाही नव्हता. त्याने आठवणींत लिहिलंय: वडील गेल्याचं कळल्यावर बंदूक घेऊन तो जिना चढत होता. आईने विचारलं, कुठे निघालास? म्हणाला, आकाशात, बाबांना मारणाऱ्या देवाला मारायला.

आता पुस्तकाचा शेवट वाच. रिशल्यू दार्तान्यांच्या हातात लेफ्टनंटच्या नेमणुकीचा कागद देतो, नावाची जागा कोरी. तो एकेका मित्राकडे जातो, तिघंही नाकारतात आणि आतोस तिथे त्याचंच नाव लिहितो. पोराच्या डोळ्यांत पाणी येतं, कारण त्याची प्रेयसी कॉन्स्टन्स मेलेली आहे आणि मित्र पांगणार आहेत. पुढच्या कादंबऱ्यांत तो आयुष्यभर मार्शलच्या दंडाची, म्हणजे सेनेतल्या सर्वोच्च पदाच्या मानाच्या काठीची, वाट बघतो. तो दंड त्याला मिळतो वेढ्यात, गोळा लागून कोसळताना. द्यूमाने आपल्या नायकाला उशिरा का होईना, पण दिला. त्याच्या वडिलांना कुणी दिला नाही.

एका बाबतीत मात्र मी त्या चौघांच्या बाजूने नाही. मिलेडीचे गुन्हे भयंकर आहेत, पण रात्री नदीकाठी चार मित्र, तिचा दीर आणि बोलावून आणलेला जल्लाद मिळून स्वतःच न्यायाधीश होतात, हे मला पटत नाही. तिच्या किंकाळ्या ऐकून दार्तान्यां पुढे सरकतो आणि आतोस तलवार घेऊन आडवा होतो. तिथे दार्तान्यां थांबतो. त्याने थांबायला नको होतं, असं मला वाटतं. तुझे बाबा म्हणतात, त्या काळात दुसरा मार्गच नव्हता. आमचा हा वाद लग्नापासूनचा आहे. तिथवर पोचलीस की फोन कर, तुझं काय मत होतंय ते मला आधी सांग, बाबांना नंतर.

पुढचे दोन भाग कपाटात वरच्या फळीवर आहेत, दिवाळीला आलीस की घेऊन जा. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
आई