जपानमधले नारा शहर दाखवणाऱ्या काकांना आभाराचे पत्र

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी मराठीत लिहीत आहे, कारण आईला आपले आभार तिच्या भाषेतच मानायचे आहेत. इंग्रजी प्रत सोबत पाठवीत आहे. आपले नाव मात्र इथे घालत नाही. फोटोसाठी उभे राहतानाही आपण संकोचला होतात, हे माझ्या लक्षात आहे.

आधी ठरवलेला गाईड येऊ शकत नसल्याचा निरोप आम्हाला त्या नोव्हेंबरातल्या सकाळी ओसाकाहून गाडी सुटल्यावर मिळाला. ७४ वर्षांच्या आईला काठीच्या आधाराने घेऊन मी नारा स्टेशनाजवळच्या माहिती केंद्रात शिरले, तेव्हा दंडाला स्वयंसेवकाची पट्टी लावलेले आपण उठून पुढे आलात आणि काही बोलण्याआधी आईसाठी खुर्ची ओढलीत. माझ्या कागदावर महाबुद्धाचे तोदाइजी, कासुगा, कोफुकुजी आणि संध्याकाळी क्योतोचे फुशिमी इनारी, अशी सगळी मंदिरे एकाच दिवसात कोंबलेली होती. आपण आईच्या गुडघ्याकडे पाहिलेत, कागदाकडे पाहिलेत आणि तोदाइजी सोडून बाकी सगळ्यावर पेन्सिलीची हलकी रेघ ओढण्यासाठी माझी परवानगी मागितलीत. तेव्हा मी मनातून खट्टू झाले होते. पुढच्या चार तासांनी माझी समजूत चुकीची ठरवली, म्हणून त्या रेघेसाठी पहिले आभार.

नारातल्या मोकळ्या फिरणाऱ्या हरणांबद्दल सगळेच लिहितात, म्हणून मी एवढेच सांगते, की बिस्किटे संपल्यावर दोन्ही रिकामे तळवे दाखवायचे, ही आपली सूचना अगदी अचूक निघाली.

खरी गोष्ट तोदाइजीच्या नान्दाइमोन या महाद्वारापाशी घडली. तिथल्या दोन लाकडी द्वारपालांची उंची आठ मीटरांहून अधिक आहे, आणि उन्केई, काइकेई हे शिल्पकार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १२०३ साली ते अवघ्या ६९ दिवसांत घडवले, हे आपण सांगितलेत. मग आईला विचारलेत, की एकाचे तोंड उघडे आणि दुसऱ्याचे मिटलेले का असेल? एक ‘अ’ म्हणतो आणि दुसरा ‘उन्’, म्हणजे एक आरंभ आणि दुसरा शेवट, आणि हे दोन्ही ध्वनी संस्कृतातून आले, असे आपण समजावून सांगितलेत. आईने साताऱ्याजवळच्या शाळेत एकतीस वर्षे पहिलीच्या मुलांना मुळाक्षरे गिरवायला शिकवले आहे. ती एकदम ताठ बसली. तेव्हा आपण बाकावर तिच्याशेजारी बसून बोटे मोजत जपानी वर्णमाला म्हणू लागलात: आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. तिसऱ्या फेरीला आईचा आवाज आपल्या आवाजात मिसळला, आणि मग तिनेच आपल्याला थांबवून विचारले, की हा तर आमचाच क्रम, क, च, त, न, प, म, य, र, व. मग ‘प’च्या जागी ‘हा’ कसा? प्राचीन जपानीत ‘हा’चा उच्चार ‘पा’ असा होता आणि संस्कृतचा अभ्यास करणाऱ्या भिक्षूंमुळे हा क्रम जपानमध्ये रुळला, हे आपले उत्तर ऐकताना आईच्या चेहऱ्यावर जे आले, ते तिच्या निवृत्तीनंतर मी क्वचितच पाहिले आहे. माझे दुसरे आणि सर्वांत मोठे आभार त्या बाकासाठी आहेत.

महाबुद्धाच्या मंदिरात आम्ही शिरलो, तेव्हा सुमारे १५ मीटर उंचीच्या त्या मूर्तीसमोर आपण बराच वेळ काहीच बोलला नाहीत. पाहू दिलेत. मग सांगितलेत, की मंदिर दोनदा आगीत गेले, आजची वास्तू १७०९ सालची आहे आणि मूळ वास्तू हिच्याहूनही रुंद होती. ७५२ साली या मूर्तीचे नेत्रोन्मीलन बोधिसेन या भारतीय भिक्षूंच्या हस्ते झाले, हे मी प्रवासवर्णनांत ओझरते वाचले होते. त्यांनी डोळे रेखाटताना हातात धरलेल्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या धरल्या होत्या, म्हणजे ते पुण्य सर्वांना लाभावे, हे मात्र मला आपल्याकडूनच कळले. ती निळी दोरी अजून शोसोइनच्या भांडारात जपलेली आहे, असे सांगताना आपण नकळत मूठ मिटली होतीत, जणू दोरी हातातच आहे.

बाहेर पडताना दाराशी लाल टोपडे घातलेल्या बिंझुरूंच्या, म्हणजे बुद्धांचे शिष्य पिंडोल भारद्वाज यांच्या, लाकडी मूर्तीचा गुडघा आईने बरे वाटावे म्हणून चोळला आणि मग स्वतःचा. गुडघा अजून दुखतो, पण त्या दिवशीची आठवण निघाली, की तिचा हात आपोआप तिथे जातो.

आता त्या चिठ्ठीबद्दल. आम्ही शाकाहारी आहोत आणि दोन दिवस भात व केळ्यांवर काढले आहेत, हे आईने सहज बोलून दाखवले. उदोन या जाड शेवयांच्या रश्श्यात आणि मिसो सूपमध्येही माशांचा अर्क असतो हे आपण समजावलेत, वहीचे पान फाडून जपानीत चार ओळी लिहिल्यात आणि माशांच्या अर्काच्या ओळीखाली दोन रेघा मारल्यात. क्योतोत एका छोट्या खानावळीतल्या बाईंनी ती चिठ्ठी दोनदा वाचली, आत नेऊन दाखवली आणि कोंबू या समुद्री वनस्पतीच्या रश्श्यातले गरम तोफू आणून ठेवले. आई त्या दिवशी पोटभर जेवली. घरापासून इतक्या दूर आपल्या वृद्ध आईला पोटभर जेवताना पाहणे म्हणजे काय असते, ते मी शब्दांत सांगू शकत नाही.

निरोप घेताना मी पुढे केलेले पाकीट आपण दोन्ही हातांनी हळूच मागे सारलेत, पण आईने रुमालातून काढलेला तिळाचा लाडू मात्र त्याच दोन्ही हातांनी घेतलात. तिला त्याचे फार अप्रूप आहे.

चिठ्ठी आईच्या चष्म्याच्या डबीत आहे. तिने आपल्याला नमस्कार कळवला आहे आणि एक प्रश्नही विचारला आहे: ‘प’चा ‘हा’ झाला हे तिला पटले, पण आमच्या ‘च’च्या जागी आपल्याकडे ‘सा’ कसा बसला? सवडीने कळवावे, ती वाट पाहत आहे.

आपल्या कृतज्ञ,
साताऱ्याच्या मायलेकी